मसाला कुठला म्हणायचा

बहरीनमधल्या सलमाबादमध्ये आमचा मसाल्याचा कारखाना आहे. ‘आमचा’ म्हणायची सवय लागली आहे एवढंच, नाहीतर मी तिथला साधा पॅकर. कारखाना म्हटलं की गावाकडच्या लोकांना भोंगा आणि धुराडं डोळ्यांसमोर येतं. तसलं काही नाही. एका अंगाला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग, दुसऱ्या अंगाला अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारे, आणि मध्ये आमचं लांबट पत्र्याचं गोदाम. पुढच्या दारानं पोती आत येतात, बहुतेक आपल्या देशातली. मागच्या दारानं पाकिटं बाहेर पडतात. मधल्या जागेत भट्टी, गिरणी आणि माझं टेबल.

भट्टीवर चाचा. चाचा रत्नागिरीकडचे, मी महाडच्या बाजूचा. धर्म वेगळा, गावं लांब, पण तांदळाची भाकरी आणि सुका बोंबील यावर आमचं पहिल्याच आठवड्यात जुळलं. आम्ही एकाच खोलीत राहतो, एकाच ताटात जेवतो. अरबी लोकांचा गरम मसाला असतो, त्याला बहारात म्हणतात. धने, जिरं, मिरी, दालचिनी, लाल मिरची, वर ओमानहून येणारं वाळवलेलं काळं लिंबू. हे सगळं चाचा एका भल्यामोठ्या कढईत भाजतात. त्या कढईला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा कायदा. एकदा त्यांना ताप आला होता तेव्हा अरबाबानं, म्हणजे आमच्या मालकानं, विचारलं की आज भट्टीवर कोण? चाचा पांघरुणातून म्हणाले, “मी आजारी, तर कढईही आजारी.”

माझं काम निवडण्याचं, पाखडण्याचं, चाळण्याचं आणि पाकिटं भरण्याचं. मशीनची चाळण आहे, पण जिऱ्यातली काडी आणि धन्यातला खडा तिला समजत नाही. म्हणून गावाहून येताना मी बॅगेत कपड्यांच्या घडीत सूप घालून आणलं. विमानतळावरच्या शिपायानं ते उलटसुलट करून विचारलं, “ये क्या है, म्युझिक का सामान?” सूप हातात घेऊन झटकलेलं अरबाबानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपल्या भावाला बोलावून आणलं होतं. चाचा मात्र म्हणायचे, “आमच्याकडे हे बायका करतात.” मी म्हणायचो, “आमच्याकडेही. पण बायको तिकडे आहे.”

मी आठवीतून शाळा सोडली. सोडली म्हणजे ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो आणि मग परत वर्गात जायला लाज वाटली. एवढ्याशा शिक्षणावर परदेशात पोट भरतंय याचं मला अजून नवल वाटतं, आणि ते कधी हातचं जाईल याची धास्तीही. अरबाबानं नुसतं “तआल,” म्हणजे इकडे ये म्हटलं, तरी पोटात गोळा येतो. तो माणूस वाईट नाही. वडील गेले तेव्हा त्यानं स्वतःच्या गाडीतून मला विमानतळावर सोडलं होतं आणि वाटेत एक शब्द न बोलता रेडिओ बंद केला होता. ते मी विसरत नाही. पण उपकार आठवला की भीती वाढते, कमी होत नाही. या वयात, या शिक्षणावर, दुसरा व्हिसा मला कोण देणार?

तर गेल्या वर्षीची गोष्ट. समुद्रावरच्या पुलापलीकडे, सौदीतल्या दम्मामला आमचा एक मोठा गिऱ्हाईक आहे. त्याला रमजानच्या आधी नेहमीपेक्षा जास्त माल हवा होता. दळलेला बहारातही, आणि मी भरतो ती अख्ख्या जिऱ्याधन्याची पाकिटंही. पण पुलावर आता नियम कडक झाले होते. माल खरोखर बहरीनमध्ये तयार होतो याचा दाखला नव्यानं हवा होता, आणि त्यासाठी सरकारी साहेब कारखाना बघायला येणार होता.

हा दाखला काय प्रकार आहे हे मला आमच्या ऑफिसातल्या बाईंनी समजावलं होतं. त्या इथल्याच, बहरीनच्या. वडिलांचं बाजारात दुकान होतं, तिथे बसून बसून हिंदी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, “देखो, छे देश एक घर. घर के अंदर सामान का टॅक्स नहीं. बाहर का आदमी घर में आएगा, तो दरवाजे पे टॅक्स देगा. समझा?” आखातातले सहा शेजारी म्हणजे एक घर. त्याहून मोठं, जरा सैल घर म्हणजे पार मोरोक्कोपर्यंतच्या अरब देशांचं. त्यांचाही असाच करार आहे म्हणे.

मला ते लगेच समजलं, कारण मी जकात नाक्यावर वाढलो. क्लीनर होतो तेव्हा शहराच्या तोंडाशी आमचा ट्रक तासन् तास उभा असायचा. ड्रायव्हर झोपायचा आणि मला वाचता येतं म्हणून कागद घेऊन खिडकीशी मी. एकाच राज्यात, एकाच रस्त्यावर, पण शहर बदललं की पैसे ठेव. आता आपल्याकडेही ती जकात गेली. चाचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “जकात आमच्यात गरिबाला द्यायची असते. तुमच्या नाक्यावर उलटंच होतं.”

दम्मामच्या गिऱ्हाइकाचा हिशेब सरळ होता. दाखला असेल तर माल बिनजकातीचा, म्हणून आमच्याकडून घेणार. दाखला नसेल तर तो थेट मुंबईहूनच का मागवणार नाही? आणि तो गेला तर आमच्या गोदामात निम्मंच काम उरलं असतं. निम्मं काम म्हणजे निम्मी माणसं. त्यांत पहिलं नाव कुणाचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

साहेब यायच्या आठवड्यातच ऑफिसातल्या बाई बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेल्या. आम्हाला साहेब ठाऊक होते ते फक्त नगरपालिकेचे, आरोग्य खात्याचे. ते येतात, माशा बघतात, कोपऱ्यात बॅटरी मारून उंदराच्या लेंड्या शोधतात, हातमोजे तपासतात. मग आम्ही काय केलं? साफसफाई. आदल्या दिवशीच भट्टी बंद केली. जमीन पाइप लावून धुतली. गिरणी पुसून तिच्यावर कापड घातलं. चाचांनी कढई घासून इतकी काळी कुळकुळीत केली की तिच्यात तोंड दिसावं, आणि तिच्यावर नवीकोरी ताडपत्री बांधली. मी सूप, चाळण्या, कचऱ्याचा डबा, सगळं मागच्या बाजूला लपवलं. मसाल्याचा वास कपड्यांत, भिंतींत मुरलेला असतो. तो जावा म्हणून अरबाबानं स्वतः घरून धुपाटणं आणून बखूर, म्हणजे त्यांचा उदाचा धूप, जाळला. धुतलेले शर्ट घालून आम्ही रांगेत उभे राहिलो. टेबलावर खजूर आणि कहवा. इतकं सुंदर गोदाम मी आजपर्यंत पाहिलं नव्हतं.

साहेब तरुण होता, नम्र होता. खजूर खाल्ला, कहवा घेतला. पुढच्या दारापाशी जाऊन पोती बघितली, फोटो काढले. पोत्यांवर भारताचं नाव मोठ्या अक्षरांत. मग मागच्या दारापाशी जाऊन पाकिटं बघितली. पाकिटांवर बहरीन. मग तो त्या चकचकीत मोकळ्या जागेत उभा राहिला आणि चहूकडे बघून म्हणाला, “वेन अश्शुगल?”

काम कुठे आहे?

अरबाब अभिमानानं हसून म्हणाला की तुमच्यासाठी बंद ठेवलं. चाचांनीही मान हलवली, पाहुणा आल्यावर नांगर थोडाच कुणी चालवतं अशा चेहऱ्यानं. साहेबानं ताडपत्रीचं टोक उचललं, कढईत बघितलं, ती कधी भट्टीवर चढवलीच नसावी असं त्याला वाटलं असणार. नाकाशी बोटं नेऊन त्यानं वास घेतला. वास उदाचा. त्यानं आणखी काही प्रश्न विचारले, वहीत काहीतरी लिहिलं, सगळ्यांचे आभार मानले आणि गेला. आम्ही एकमेकांचे हात हातात घेतले. “खलास, झालं काम!” चाचा म्हणाले.

बाई रजेवरून परतल्या तेव्हा रिपोर्ट येऊन पडला होता. बाहेरून आलेला माल इथे फक्त पाकिटात भरला जातो, असं त्यात होतं. बाईंनी तो दोनदा वाचला. मग आम्हाला तिघांना समोर उभं केलं, मालकासकट.

“काम दिखाना था, तुमने मस्जिद दिखाया? और ये बखूर किसने जलाया?”

अरबाब जमिनीकडे बघायला लागला. चाचा हळूच मराठीत माझ्या कानाशी म्हणाले, “हिच्या बहिणीचं लग्न आणखी दोन दिवस चाललं असतं तर काय बिघडलं असतं?”

बाईंनी फोन करून करून पुन्हा पाहणी मागितली. ती मिळाली. मधल्या दिवसांत त्या भट्टीजवळ खुर्ची टाकून बसल्या. कारण नुसतं दाखवून भागत नाही. मालाच्या किमतीतला ठरलेला हिस्सा इथल्या कामाचा आहे, हे हिशेबानं मांडावं लागतं. गॅस, भाडं, पगार, वेळ.

“हाजी, धना कितना देर भूनते हो?” चाचांना त्या आणि अरबाब हाजीच म्हणतात.

“खुशबू आने तक.”

“कितना मिनट में खुशबू?”

“वो धने की मर्जी. मेरे हाथ में नहीं.”

“हाजी, कस्टमवाला तुम्हारा नाक नहीं मांगता, मिनट मांगता है.”

शेवटी त्यांनी मोबाइलवर घड्याळ लावलं आणि चाचा दिवसभर त्या घड्याळावर चिडलेले राहिले. मग बाई माझ्याकडे वळल्या. मी एकेक सांगत गेलो. पोतं उघडतो, निवडतो, पाखडतो, चाळतो, वजन करतो, भरतो, सील करतो. त्या ऐकत होत्या, पण पेन हलत नव्हतं.

“ये नहीं लिखते?” मी विचारलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना बोलायला जड जात होतं हे मला दिसलं. “काम है. बहुत काम है. लेकिन बनाना नहीं है. जीरा साफ किया, थैली में डाला, तो भी जीरा हिंद का ही रहा ना? वो लोग इसको नहीं गिनते.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं हातानं जे केलं ते कागदावर शून्य. पण राग कुणावर करायचा? मी नाक्यावर पाहिलं होतं ना. एका गावची पोती आणून दुसऱ्या गावचा शिक्का असलेल्या पोत्यांत ओतायची आणि तिथलाच माल म्हणून आत न्यायची, असे लोक होते. नुसतं पाकीट बदलून माल इथला होत असेल, तर कुणीही कुठूनही काहीही आणील आणि या घराच्या खिडकीतून आत टाकील. मग दरवाजा ठेवायचा कशाला? नियमात काही चूक नव्हती. माझं काम त्याच्या बाहेर पडत होतं, इतकंच. जिरं भाजलं की ते बदलतं, त्याचा रंग, वास, नाव बदलतं. पाखडलं की ते फक्त स्वच्छ होतं. मीही इथे येऊन स्वच्छच झालो असेन फार तर. बदललो की नाही, माहीत नाही.

त्या शुक्रवारी बायकोचा फोन आला.

“काय झालंय?”

“कुठं काय?”

“मग आवाज का असा? जेवलात का?”

सांगावं लागलं. दाखला मिळाला तरी तो भाजलेल्या मसाल्याचा मिळेल, माझ्या पाकिटांचा नाही. ती पाकिटं पलीकडे जायची थांबली तर माझं टेबल कशाला हवं? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भट्टीवर जा मग.”

“चाचा कुणाला हात लावू देत नाहीत.”

“विचारलंत?”

“नाही.”

“एका ताटात जेवता आणि विचारायला लाजता? तुमचं कायमचंच आहे.”

साहेब दुसऱ्यांदा आला त्या दिवशी आम्ही काहीही झाडलं नाही. पोती फोडलेली, जमिनीवर कचरा, गिरणीचा खडखडाट, आणि कढईत लाल मिरची. चाचांनी मुद्दाम मिरचीच लावली होती की काय, देव जाणे. साहेब दारातून आत आला आणि त्याला असा ठसका लागला की तो, अरबाब आणि बाई तिघंही परत बाहेर. डेंटिंगवाला धावत आला, “भाई, आग लगा क्या?” साहेब गाडीला टेकून खोकत होता, डोळ्यांतून धारा, आणि हसत होता. चाचा कढईजवळूनच ओरडले, “साहब, यल्ला, चलो! अभी धना डालता हूँ, मीठा है!”

पण तो ठसक्यावर भुलणारा माणूस नव्हता. तोंडाला रुमाल लावून परत आला आणि दुपारपर्यंत बसला. भाजण्याआधीचं वजन घेतलं, नंतरचं घेतलं. बाईंचा हिशेब ओळीनं तपासला, एका ठिकाणी भाड्याचा आकडा जास्त धरला होता तो खोडायला लावला. माझ्या टेबलापाशी आला. सूप हातात घेऊन बघितलं, मला एकदा पाखडून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. “जमील,” म्हणाला, छान. आणि काही न लिहिता पुढे गेला.

काही दिवसांनी दाखला आला. भाजून दळलेल्या मसाल्यांना मिळाला, अख्ख्यांना नाही. बाईंनी सांगितलं होतं तसंच. गोदामात आनंदीआनंद. अरबाबानं सगळ्यांना मच्बूस, त्यांचा मटणभात, मागवला. खाऊन झाल्यावर तो मला म्हणाला, “तआल.”

मी उष्ट्या हातानंच उठून गेलो.

दम्मामला आता फक्त बहारात जाणार, तो म्हणाला, पण दुप्पट. अख्ख्या मसाल्याची पाकिटं इथल्या दुकानांपुरती. त्याला पुरा माणूस नको. मग हात धुवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “हाजी को भट्टी पे दूसरा आदमी चाहिए, तो तुम रहो. नहीं चाहिए, तो मैं क्या करूँ? तुम बात करो.” मालक असून त्याला स्वतः चाचांशी बोलायचं धाडस नव्हतं. त्याला वाईट वाटत होतं, हे त्याच्या हात धुण्यावरून कळत होतं. बराच वेळ धुवत होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी विषय काढला. भाकरी मोडली, परत ठेवली, परत मोडली.

“बोल आता,” चाचा म्हणाले. “भाकरीचा चुरा होईपर्यंत थांबू नकोस.”

“मला भट्टीवर घ्या.”

“तुला? अरे मेल्या, मिरचीचं नाव घेतलं तरी तुला शिंका येतात.”

“शिकेन.”

“काय, सूप घेऊन उभा राहणार कढईपाशी? वारा घालायला?”

मी भाकरीचा चुरा गोळा करत राहिलो. त्यांनी बोंबलाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, पाणी प्याले. मग वेगळ्याच सुरात म्हणाले, “तुला वाटतं मी कढई का देत नाही कुणाला? मला फार येतं म्हणून? भाजणं काय, आमच्या गावची कुठलीही बाई भाजील. पण दोन माणसं कढईवर उभी राहिली की एक दिवस अरबाब विचारणार, दोघं कशाला? आणि त्या दोघांत म्हातारा कोण, ते त्याला दिसतंच.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की भिणारा माणूस या खोलीत मी एकटाच. त्यांचा दरारा, ती कढई, ते “हात लावू नको,” सगळ्याच्या तळाशी माझ्याच पोटातला गोळा होता.

“मी तसं होऊ देणार नाही,” मी म्हणालो.

“तू?” ते हसले. “तुला स्वतःचं होऊ न देणं जमत नाही, माझं काय थांबवणार?” मग ताट माझ्याकडे सरकवलं. “पण आता माल दुप्पट. माझे खांदे दुप्पट नाहीत. तू नाहीस तर तो दुसरा कुणी आणेलच. आपल्याकडचा असला तर बरं. निदान शिव्या तरी नीट कळतील.”

त्यांनी जाऊन अरबाबाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. अरबाब माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला एवढंच.

पुढचे कितीतरी दिवस मी फक्त बाजूला उभं राहून उलथणं देणं-घेणं केलं. मग एका सकाळी चाचा स्टुलावर बसले आणि म्हणाले, “घे.” धने होते. मी हात चालवत राहिलो, धास्तीनं जरा जास्तच. वास कधी आला आणि कधी पुढे निघून गेला हे मला कळलंच नाही. उतरवले तेव्हा रंग चांगलाच गडद झाला होता. चाचांनी चार दाणे चावले, तोंड वेडंवाकडं केलं, थुंकले.

“हे पुलापलीकडे जायचं नाही. आणि इथल्या दुकानातही नको, अब्रू जाईल. घरी ने. आणि उद्या लवकर ये. नाकाला फडकं बांधून येऊ नकोस, वास काय डोळ्यांनी घेणार?”

ते धने आम्ही दळून खोलीवर नेले. महिनाभर आमच्या प्रत्येक कालवणाला किंचित कडू चव होती. चाचा रोज पहिल्या घासाला मला एक शिवी द्यायचे. मी रोज दोनदा वाढून घ्यायचो.